छापील रकाना

टँकरच्या मागच्या नळाखाली ओंजळ धरून ड्रायव्हर पाणी प्यायला. झालं ते एवढंच. एक ओंजळ प्यायला, दुसरी प्यायला, ओला हात मानेवरून फिरवला आणि गमछ्याने तोंड पुसलं. त्याच्या डोक्याच्या वर टँकरच्या हिरव्या पोटावर हातहातभर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शोधित सीवेज जल, पीने योग्य नहीं'. लतिका कॅबचं दार उघडून, एक पाय खाली टाकून तशीच राहिली. बाहेर जूनच्या सकाळी अकराचं ऊन, आत एसी, आणि अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी ती. "मैडम, ठंडक निकल रही है," कॅबवाला म्हणाला तेव्हा कुठे ती उतरली. आधी तिला त्या माणसाची काळजीच वाटली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. गुरुग्रामच्या मैल्याचं पाणी, कितीही शुद्ध केलं तरी फार तर झाडांना घालायचं, नाहीतर यंत्रं गार करायला वापरायचं. आणि हा बाबा ते ओंजळीने पितोय! ती तरातरा पुढे गेली. "अरे भैया, ये मत पियो. बीमार पड़ोगे." तो हसला. चाळिशीचा माणूस, शंभू त्याचं नाव. दोन वर्षं रोज दिसायचा आणि ती मान हलवायची, इतकीच ओळख. "मीठा है, मैडम जी," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, एखाद्या पाहुणीला चहात साखर बरोबर आहे म्हणून सांगावं तसं. टँकरच्या शिडीला अडकवलेल्या दोन निळ्या प्लास्टिकच्या बादल्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या. लतिकाने पर्समधून आपली स्टीलची बाटली काढली, घरचं पाणी तिथेच मातीत ओतलं आणि नळाखाली धरली. वास आला नाही. त्या पाण्याला एक ओल्या सिमेंटसारखा, क्लोरीनचा वास असतो, तो तिला चांगला ठाऊक होता. तिने जीभ लावली. छप्पन वर्षांची बाई, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि गेटवर भर उन्हात टँकरचं पाणी चाटतेय. गेटवरचा गार्ड रिंकू बघतच राहिला. पाणी खरंच गोडं होतं. जमिनीतलं होतं.

जमिनीतलं पाणी या इमारतीत येता कामा नये, हे बघणं म्हणजेच लतिकाची नोकरी. इमारतीला खिडक्या नाहीत. आत माणसं थोडी आणि कॉम्प्युटर फार. लोकांचे फोटो, बँकांचे व्यवहार, शाळांचे निकाल, कोण कुठे कोणाला काय बोललं ते सगळं तिथे रात्रंदिवस साठत असतं आणि साठता साठता तापत असतं. ते गार ठेवायला पाणी लागतं. ते पाणी गच्चीवरच्या पंख्यांतून हवेत उडून जातं, परत काही येत नाही. म्हणून परवानगी देतानाच अट घातलेली, पाणी वापराल तर शहराच्या सांडपाण्याचं, शुद्धीकरण प्लांटमधून आणलेलं. त्या प्लांटला इथे सगळे एसटीपी म्हणतात. एसटीपीपासून पाइपलाइन यायची होती, ती दोन वर्षं येतेच आहे, तोवर टँकर. या सगळ्याचं नियोजन लतिकाने केलं होतं. वीज किती, पाणी किती, झाडं किती, कचरा कुठे. तिच्या टेबलावर त्याचा जाडजूड अहवाल होता आणि त्याच्या शेवटच्या पानावर तिची सही व्हायची होती. आज चार वाजता ऑडिटरांबरोबर कॉल. सही झाली की शेजारच्या मोकळ्या जागेवर दुसरी इमारत उभी राहणार, हिच्या दुप्पट. अहवालातलं वाक्य तिनेच लिहिलेलं होतं आणि तिला ते आवडायचंसुद्धा: 'शीतकरणासाठी भूजलाचा एकही थेंब वापरला जात नाही.' लिफ्टमध्ये तिने बाटली छातीशी धरली होती. थेंब हा शब्द कशाला घातला आपण, असं तिला वाटलं. नुसतं 'वापर नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

वर तिच्या टेबलाशी सुयश बसला होता. नाशिकचा पोरगा, अठ्ठावीस वर्षांचा, आकडेवारी तो बघायचा. ऑफिसात मराठी बोलणारे दोघंच, त्यामुळे तो तिला कधी मॅम म्हणे, कधी ताई. काम अडलं की हमखास ताई. "ताई, अ‍ॅनेक्शर्स सगळी लावलीत. फक्त सही." तिने त्याच्यासमोर बाटली ठेवली आणि ड्रॉवरमधून पाण्याचे क्षार मोजायचा पेनसारखा मीटर काढला. कपात पाणी ओतून मीटर बुडवला. चारशे दहा. सुयशने तो आकडा पाहिला आणि खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाला. "हे कुठलं?" "गेटवरचं. आत्ताच्या टँकरचं." "एसटीपीचं हजाराच्या खाली येत नाही, ताई." "तेच तर." भिंतीशी तिच्या कपाटावर पानाच्या आकाराची एक काचेची ट्रॉफी होती. एप्रिलमध्ये मुंबईच्या हेड ऑफिसात मिळालेली, ती लतिका कागद उडू नयेत म्हणून वापरायची. ती ट्रॉफी कशासाठी मिळाली ते दोघांना एकाच वेळी आठवलं असावं, कारण दोघांनीही तिकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. मार्चपासून पाण्यातले क्षार एकदम निम्म्यावर आले होते. यंत्रांच्या नळ्यांत खपली धरायची बंद झाली होती, मेंटेनन्सवाले खूश होते. सुयशने आलेख काढला होता, छान उतरती निळी रेघ. मथळा लतिकाने सुचवला होता, 'शुद्धीकरणाच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा'. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अरे, पण असं एका रात्रीत मैल्याचं पाणी सुधारतं होय? कोणालाच कसं सुचलं नाही विचारायचं? मला कसं सुचलं नाही? "पण रजिस्टरमध्ये तर सगळीकडे एसटीपीच आहे," सुयश पुटपुटला. "मी स्वतः टाइप केलंय. एकही एंट्री वेगळी नाही."

रजिस्टरमध्ये वेगळं काही असणार कसं? रजिस्टर तिचं होतं. दोन वर्षांपूर्वी गेटवर साधी वही असायची. गार्ड त्यात मनाला येईल ते लिहीत. कोणी 'प्लांट', कोणी 'गंदा पानी', कोणी 'नाले वाला', एकाने तर सलग आठ दिवस 'पता नहीं' लिहिलं होतं. सुयशच्या आधी जी मुलगी होती ती बिचारी ते टाइप करता करता रडकुंडीला यायची. ऑडिटरने शेरा मारला, नोंदींत एकवाक्यता नाही. मग लतिकाने एक रविवार घालवून फॉर्म तयार केला. तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, ड्रायव्हरची सही. आणि 'स्रोत' हा रकाना तिने छापूनच घेतला. प्रत्येक ओळीत, तिसऱ्या रकान्यात, स्वच्छ काळ्या अक्षरांत, 'एसटीपी'. दुसरीकडून पाणी येणारच नाही, तर गार्डला लिहायचा त्रास कशाला? हरीश, तिचा नवरा, शेजारी बसून कलिंगड खात होता, तो म्हणालासुद्धा, "काय सुबक झालंय गं, लग्नपत्रिकेसारखं." तिला बरं वाटलं होतं. मार्चपासून सात-आठशे टँकर त्या रकान्याच्या भरवशावर आत आले. कोणी खोटं लिहिलं नाही. लिहायला जागाच नव्हती. मार्चमध्ये एखाद्या गार्डला वाटलंही असेल की आज हे वेगळंच पाणी दिसतंय, पण त्याने ते कुठे मांडायचं? खोटेपणा करायचा असता तर तिने इतका चोख केला नसता, इतकी तिला खात्री होती. हे प्रामाणिकपणेच झालं होतं, आणि म्हणून तिला जास्त थकवा आला. खुर्चीची पाठ मागे गेली तशी ती मागे गेली आणि डोळे मिटून राहिली.

आणि डोळ्यांपुढे वही आली ती भलतीच, लांबट, लाल कापडाच्या पाठीची. दिल्ली कॅन्टोन्मेंट, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल. तिचे वडील संपतराव तेव्हा हवालदार होते आणि फॅमिली क्वार्टर्सच्या पंपहाऊसवर त्यांची ड्यूटी होती. साताऱ्याकडचा माणूस, उंच, कमी बोलणारा. पाण्यात क्लोरीन किती पडलाय ते जिभेवर थेंब ठेवून सांगायचा. लतिकालाही त्याने ते शिकवलं होतं, इतर बाप सायकल शिकवतात तसं. टाकीची पातळी दर दोन तासांनी त्या वहीत लिहायची. लतिकाचं अक्षर चांगलं. शनिवारी संध्याकाळी तो तिला समोर बसवी आणि रविवारचं पान काढून देई. "लिही लते. सहा वाजता चौदा फूट. आठ वाजता साडेतेरा. दहा वाजता तेरा." "पण बाबा, आठ कुठे वाजलेत?" "वाजतील की. घड्याळ काय थांबतंय होय?" तिला गंमत वाटायची. उद्या अजून उजाडलाही नाही आणि तिच्या निळ्या शाईत तो फूट-इंचांसकट तयार. रविवारी मग संपतराव खुशाल पत्ते कुटायला जायचे. पंप आपला चालायचा, टाकी आपली भरायची, आणि वर्षभर वही आणि टाकी यांचं बिनसलं म्हणून नाही. मग एका मे महिन्यातल्या रविवारी मोटार जळली. दुपारपर्यंत लाइनीतले सगळे नळ कोरडे. बायका बादल्या घेऊन पंपहाऊससमोर उभ्या, त्यांत तिची आई द्वारकासुद्धा, डोक्यावर पदर ओढून, काखेत कळशी. कोणीतरी साहेबाला बोलावून आणलं. साहेब जीपमधून उतरला तो थेट आत गेला आणि त्याने वही मागितली. बारा वाजता साडेबारा फूट. साहेबाने वहीकडे बघितलं, मग बाहेरच्या तीस-चाळीस रिकाम्या बादल्यांकडे बघितलं, परत वहीकडे बघितलं, आणि म्हणाला, "पानी तो है." आणि गेला. नऊ वर्षांची लतिका जाळीच्या दाराशी उभी होती. साहेब खोटारडा नव्हता, त्याने वाचलं ते सांगितलं. तिचं अक्षर फारच स्वच्छ होतं, दोष असलाच तर तोच. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, बाबांनीही नाही. त्यानंतर बापाने तिला लिहायला बसवलं नाही. स्वतःच लिहायचा. वेळच्या वेळी लिहायचा का, ते तिने कधी विचारलं नाही आणि आता विचारायला तो नाही.

"राजवीर सरांना सांगायचं का?" सुयशने विचारलं. राजवीर हा प्रोजेक्टचा मुख्य. दांडगा, हसतमुख, माणसांची नावं आणि त्यांच्या मुलांची बोर्डाची वर्षं लक्षात ठेवणारा. त्याचा राग करणं कठीण होतं, लतिकाने प्रयत्न करून पाहिला होता. ती बाटली घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. तिचं झाल्यावर त्याने आपला ग्लास पुढे ओढला, तिची बाटली उघडली, ओतलं आणि शांतपणे सगळं पाणी पिऊन टाकलं. "अच्छा है," तो म्हणाला. "बैठिए ना, लतिका जी." ती बसली. म्हणजे याला ठाऊक आहे. तिला वाटलं होतं तो चकित होईल, निदान तसा दाखवेल तरी. मार्चमध्ये एसटीपी दुरुस्तीला तीन आठवडे बंद होता, राजवीर सांगू लागला. टँकरच्या ठेकेदाराने त्याच्या फार्महाऊसच्या बोअरवरून सोय केली. यंत्रं बंद ठेवणार होतो का आपण? हॉस्पिटलांचा डेटा आहे आत. "वो मार्च था, सर. अब जून है." "मशीनों को यह पानी सूट कर गया. आपने ही तो स्लाइड दिखाई थी." हे तो टोमणा म्हणून बोलला नाही, आणि त्यामुळे तो जास्त लागला. मग पुढे वाकून, घरच्या माणसाला समजवावं तसं, "देखिए, दिवाली तक पाइपलाइन आ जाएगी. बिल्कुल आ जाएगी. तब आपका लिखा एक-एक शब्द सच हो जाएगा. चार-पाँच महीने आगे का लिख रही हैं, बस." वाजतील की, लतिकाच्या मनात आलं. घड्याळ काय थांबतंय होय? तिला हसू आलं आणि त्याने ते होकार म्हणून घेतलं असावं, कारण त्याने चहा मागवला.

चहा न घेता ती गच्चीवरच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. तिथे काचेची एक फट आहे, सबंध इमारतीतली एकच जागा जिथून बाहेरचं दिसतं. पंख्यांचा आवाज भिंतीतून पायात शिरत होता. खाली कुंपण, कुंपणापलीकडे नव्या इमारतीची मोकळी जागा, तिच्यापलीकडे किकरांची म्हणजे बाभळीची झुडपं, आणि त्यांच्या मागे गाव. गाव म्हणजे तिच्या नकाशात 'वस्ती, १.८ किमी' एवढंच. एका करड्या ठिपक्याखाली लिहिलेलं. बावीस वर्षं झाली गुरुग्रामला येऊन, पण आपल्या सोसायटीतून कॅबने इथे आणि इथून कॅबने सोसायटीत, यापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं. सोसायटीतसुद्धा टँकरच यायचे, बेसमेंटमध्ये रिकामे व्हायचे. वर अठराव्या मजल्यावर नळ सोडला की पाणी यायचं आणि ते कुठलं हा प्रश्न कोणाला पडायचा नाही. मुलीने लहानपणी एकदा विचारलं होतं, "आई, विहीर मीन्स?" आणि हिने मोबाइलवर चित्र दाखवलं होतं. तिने हरीशला फोन लावला. तो दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला, सकाळी बाल्कनीतल्या कुंड्या, दुपारी बातम्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो चांगला ऐकणारा आहे, नाही म्हणायचं कारण नाही. "लते, खरं सांगू? तू सही नाही केलीस तर ते कॉम्प्युटर पाणी प्यायचे थांबणार आहेत का? तुझ्या जागी उद्या दुसरा बसेल आणि डोळे झाकून करेल. दीड वर्ष राहिलंय तुझं. कशाला जिवाला लावून घेतेस?" "मी फॉर्म छापला, हरीश." "बरं मग?" "तू म्हणालास लग्नपत्रिकेसारखा झालाय." मग तो म्हणाला, "दमलीयस तू. घरी ये, यार." तिला घरी जावंसं वाटलं. खरंच वाटलं, अगदी पाय दुखेपर्यंत वाटलं. तेवढ्यात फटीतून तिला हिरवा टँकर दिसला, झुडपांतून धूळ उडवत येणारा. एसटीपी दुसऱ्या बाजूला आहे, हायवेच्या पलीकडे. टँकर गावाकडून येत होता. गेले चार महिने ही फट इथेच होती.

ती खाली उतरली तेव्हा अडीच वाजले होते. गेटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिंकू गार्ड जेवणाचा डबा झाकत होता. शंभू टँकरचा पाइप जोडून सावलीला टेकला होता. लतिका त्याच्याशेजारच्या सिमेंटच्या कठड्यावर बसली, तसा तो गडबडून उभा राहिला. "बैठो भैया. किसका बोर है?" तो पाइपच्या जोडाकडे वळला. तिने परत विचारलं. मग हळूहळू निघालं. बोअर ठेकेदाराचाच, पण गावाच्या कडेलाच. सहाशे फूट खोल. दिवसाला सात-आठ फेऱ्या. शंभूचं घर तिथून दोन गल्ल्या आत. त्याच्या दारातला हातपंप एप्रिलमध्ये कोरडा पडला, शेजारच्यांचा त्याच्या आधी. "तो घर में पानी?" त्याने मानेने शिडीकडे दाखवलं. त्या दोन निळ्या बादल्या. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीनंतर टँकरच्या तळाशी जे उरतं ते तो घरी नेतो. दोन बादल्या त्याच्या, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्या बायका भांडी घेऊन उभ्याच असतात, त्यांनाही थोडं थोडं. "सब मेरी बाट देखते हैं, मैडम जी," तो म्हणाला आणि त्यात थोडा अभिमानही होता. लतिकाला भडभडून आलं. आपल्याच गावचं पाणी सकाळपासून उपसून हा माणूस या तापलेल्या इमारतीला आणून घालतो, आणि संध्याकाळी त्यातलंच गाळसाळ घरी नेतो म्हणून गल्ली त्याला दुवा देते! आणि हिच्या अहवालात काय, तर एकही थेंब नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. आज सही आहे, ती करायची नाही असं मनात आहे, आणि खरं काय ते रजिस्टरमध्ये लिहून, त्याचीही सही घेऊन कळवायचं आहे. शंभू एकदम हात जोडून उभा राहिला. "ना मैडम, यह मत लिखना." "क्यों?" "टैंकर बंद हो जाएगा. मेरी गाड़ी गई, और शाम का पानी भी गया. बोर तो ठेकेदार का ही रहेगा, वह हमें थोड़े देगा." याचा तिने विचारच केला नव्हता. जिन्यात उभं राहून तिने स्वतःचा विचार केला होता, हरीशचा, राजवीरचा, वडिलांचा. ज्याच्या दारातला पंप आटला त्याला विचारायचं मात्र राहून गेलं होतं. ती खरं लिहिणार, आणि भोगणार हा. तिला फार तर चार लोक वेड्यात काढतील.

पाणी टँकरमधून इमारतीत जात होतं, पाइप थरथरत होता. दोघंही तिकडे बघत बसले. शेवटी तीच म्हणाली, आणि म्हणताना तिला आपण फार दुष्ट आहोत असं वाटलं, "हातपंप एप्रिलमध्ये गेला. बोअर कधी जाईल?" हे तिने हिंदीत विचारलं, पण विचारताना शब्द शोधावे लागले. शंभू चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. "मोटर हवा खींचने लगी है," तो म्हणाला. "पहले आधे घंटे में गाड़ी भरती थी. अब पूरा घंटा लगता है." आणि शेजारी दुप्पट मोठी इमारत येणार आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही. कुंपणावर बोर्डच होता, हसऱ्या माणसांचा आणि हिरव्यागार गवताचा, तो त्याला रोज दिसत असणार. त्याने बोर्डाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आप भी दस्तख़त करोगी?" "पहले मैं." तो गमछ्याने मान पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला. "तो लिख दो," तो म्हणाला.

तिने रिंकूकडून रजिस्टर घेतलं. रिंकू घाबरला. "मैडम, काटा-पीटी मना है. आपका ही ऑर्डर है." होता खरा. रजिस्टरच्या पहिल्या पानावर तिच्याच सहीने चिकटवलेला, खाडाखोड चालणार नाही म्हणून. तिने आजची तारीख शोधली, अडीचची ओळ शोधली, आणि छापील 'एसटीपी'वर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली. वरच्या बारीक जागेत तिने लिहिलं, 'बोरवेल, गाँव'. जागा फारच थोडी होती. अक्षरं एकमेकांवर चढली, तिचं अक्षर म्हणून कोणी ओळखलं नसतं. पुढे सही केली. मग पेन शंभूला दिलं. त्याने ड्रायव्हरच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, आणि वर रेघ ओढली. तिने मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि सुयशला फोन केला. "सही होणार नाही म्हणून कळव. हा फोटो लाव अहवालाला. ते थेंबाचं वाक्य काढ, आणि तिथे लिही, मार्चपासून पाणी गावच्या बोअरचं आहे. माझ्या नावाने लिही. आणि ऑडिटरांना आत्ताच पाठव, चारची वाट बघू नकोस." "ताई, ट्रॉफीच्या आलेखाचं काय करू?" "तोही लाव. खाली खरं कारण लिही." तिला वाटलं होतं असं काही केल्यावर हलकं वाटतं. तसं काही वाटलं नाही, नुसती तहान लागली, आणि बाटली राजवीरच्या टेबलावर राहिली होती.

फोन आला दहा मिनिटांत. राजवीरचा. तिने तो वाजू दिला, मग उचलला. तो ओरडला नाही. "लतिका जी, यह आपने क्या किया," एवढंच म्हणाला, खरंच दुःखी आवाजात, आणि मग ठेकेदाराला उद्यापासून थांबवावं लागेल, एसटीपीच्या गाड्या कुठून मिळतात ते बघावं लागेल, असं स्वतःशीच बोलल्यासारखं बोलून त्याने फोन ठेवला. शंभू जवळच उभा होता, त्याने काही ऐकलं असेल, नसेल. टँकर रिकामा झाला होता. त्याने पाइप सोडवला, गुंडाळला, शिडीवरच्या बादल्या काढल्या आणि तळाचं उरलेलं पाणी त्यांत धरलं. एक बादली भरली, दुसरी अर्ध्याला आली आणि नळ थेंब थेंब गळून थांबला. एरवी हे तो शेवटच्या फेरीला करायचा. लतिकाने रजिस्टर मिटायला घेतलं, आणि वाऱ्याने पान उलटलं. उद्याची तारीख. रिंकूने सगळ्या वेळा आधीच भरून ठेवल्या होत्या, सहा चाळीस, आठ दहा, नऊ पन्नास, अगदी संध्याकाळपर्यंत, प्रत्येक ओळीत तोच गाडी नंबर. अक्षर वळणदार होतं. "टाइम तो रोज़ वही होता है, मैडम," तो ओशाळून म्हणाला. ती त्याला रागावली नाही. "मैडम जी," शंभूने विचारलं, दोन्ही बादल्या दोन हातांत उचलून, "कल आना है?" लतिका उद्याच्या पानाकडे बघत होती. "मला नाही रे ठाऊक," ती म्हणाली. आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षात आलं नाही. शंभूला काही कळलं नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून हात ताठ धरून तो उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला.